कबुतरांची मानमोडी : एका विषाणूचा प्रवास आणि त्याचे जनुकीय दप्तर

१/
सन १९८४. इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदराच्या गोदामांत कोंबड्यांच्या खाद्याचा कच्चा माल साठवलेला होता आणि त्याच गोदामांत पारव्यांचीही वस्ती होती. त्या वर्षी ब्रिटनमधील कोंबड्यांत एका जुन्या साथरोगाचे २३ प्रादुर्भाव नोंदले गेले. तपास करणारे पशुवैद्य एका प्रादुर्भावाकडून दुसऱ्याकडे माग काढीत गेले आणि बहुतेक वाटा याच बंदरातील गोदामांपाशी येऊन मिळाल्या. पारव्यांची विष्ठा खाद्यात मिसळली होती आणि त्या विष्ठेत विषाणू होता.

२/
पारव्यांना तो विषाणू कोठून मिळाला? त्याआधी तो कोठे होता? मुळात कोंबड्यांचा हा रोग कबुतरांत शिरला केव्हा? या प्रश्नांची उत्तरे शोधताना शास्त्रज्ञांनी जी पद्धत वापरली, ती इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. जुने नमुने जपणे, त्यांचे पाठ ताडून पाहणे, वंशावळ मांडणे आणि शेवटी कागदोपत्री पुराव्याशी मेळ घालणे, हीच ती पद्धत. या धाग्यात त्या शोधाचा इतिहास पाहू.

३/
आरंभ कोंबड्यांपासून करावा लागतो. १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन या शहराजवळ कोंबड्यांत एक अत्यंत घातक साथ उद्भवली. वेब्रिज येथील पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतील टी. एम. डॉयल यांनी दाखवून दिले, की हा रोग तेव्हा ज्ञात असलेल्या 'फाउल प्लेग'हून (आजच्या बर्ड फ्लूहून) निराळ्या विषाणूमुळे होतो. अधिक योग्य नाव सुचेपर्यंत त्यांनी त्याला 'न्यूकॅसल रोग' म्हटले. ते तात्पुरते नाव आज जगभर रूढ आहे.

४/
भारतात याच रोगाला वेगळे नाव मिळाले. पुढच्याच सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आढळला आणि 'राणीखेत रोग' हे नाव रूढ झाले. त्याचा अभ्यास करणारे जे. टी. एडवर्ड्स हे मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. या संस्थेचा जन्म मात्र आपल्या पुण्यातला. १८८९ मध्ये ती पुण्यात स्थापन झाली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलली. या रोगाविरुद्धची 'मुक्तेश्वर' लस १९४० च्या दशकात तेथेच सिद्ध झाली. मराठी कुक्कुटपालक मात्र या रोगाला ना शहराच्या नावाने ओळखतात, ना छावणीच्या. ते म्हणतात 'मानमोडी'.

५/
हे नाव फार नेमके आहे. विषाणू मज्जासंस्थेवर हल्ला करतो तेव्हा पक्ष्याची मान पिळवटल्यासारखी वळते, त्याचा तोल जातो, पंख किंवा पाय लुळे पडतात. साथरोगांच्या इतिहासात या विषाणूच्या तीन मोठ्या जागतिक लाटा मानल्या जातात. १९२६ मध्ये सुरू झालेली पहिली लाट संथ होती. जगभर पसरायला तिला सुमारे तीन दशके लागली. जहाजांवर खाण्यासाठी नेलेल्या जिवंत कोंबड्या आणि गोठवलेले मांस ही त्या काळची विषाणूची वाहने होती.

६/
दुसरी लाट १९६० च्या दशकाच्या अखेरीस मध्यपूर्वेत उगम पावली आणि १९७३ पर्यंत बहुतेक जगात पोहोचली. पहिलीला जे साधायला तीस वर्षे लागली, ते हिने चार-पाच वर्षांत साधले. कारण वाहन बदलले होते. पिंजऱ्यात पाळण्यासाठी पोपटवर्गीय पक्ष्यांचा विमानाने होणारा व्यापार या काळात फोफावला होता. एकट्या कॅलिफोर्नियातील १९७१ नंतरच्या साथीत सुमारे १ कोटी २० लाख पक्षी नष्ट करावे लागले. साथीचा वेग विषाणूच्या अंगच्या बळापेक्षा त्या काळच्या दळणवळणावर ठरतो, हे येथे प्रथम ठळकपणे दिसले.

७/
या दोन्ही लाटांत कबुतराची भूमिका गौण होती. तसे ते माणसाचे फार जुने सोबती. अकबराच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे असल्याचा अंदाज अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त दिला आहे. या छंदाला दरबारात 'इश्कबाजी' म्हणत, आणि इराण-तुराणचे राज्यकर्ते कबुतरे नजराणा म्हणून पाठवीत. उत्तर अमेरिकेत तर सतराव्या शतकापूर्वी हा पक्षी नव्हताच, युरोपीय वसाहतवाल्यांनी तो सोबत नेला. आज शहराशहरांत दिसणारे पारवे म्हणजे बहुतांशी पाळीव कबुतरांचेच मोकाट वंशज होत. म्हणजे विषाणूच्या कितीतरी आधी हा पक्षीच माणसाच्या हातून जगभर पसरला होता.

८/
१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्यपूर्वेतील कबुतरांत एक नवा आजार दिसू लागला. पातळ हिरवट विष्ठा, थरथर, लुळेपणा आणि पिळवटलेली मान. दाणा टिपायला जावे तर चोच भलतीकडेच पडे. अनेक पक्षी रोगाने नव्हे, तर समोर दाणे असूनही उपासमारीने मरत. इराकमध्ये हा सांसर्गिक पक्षाघात प्रथम हर्पिस कुळातील विषाणूच्या माथी मारला गेला. आजारी कबुतरांत तो विषाणू सापडे, हे खरे. पण तो अनेक धडधाकट कबुतरांतही सापडतो. घटनास्थळी हजर असणे म्हणजे गुन्हेगार असणे नव्हे, हे इतिहासालाही लागू आहे आणि रोगनिदानालाही.

९/
१९८१ मध्ये हा आजार इटलीत आढळला. पुढील दोन वर्षांत पश्चिम युरोपातील देशामागून देश त्याच्या कवेत आले. १९८३ मध्ये तो ब्रिटनमध्ये पोहोचला, १९८४ मध्ये अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कमध्ये. न्यूकॅसल रोगाची ही तिसरी जागतिक लाट. कबुतर उडते, तेव्हा रोग त्याच्या पंखांवरून गेला, असे कोणालाही वाटेल. पण पारवा स्थलांतर करणारा पक्षी नाही. त्याचे आयुष्य बहुधा आपल्या वस्तीभोवतीच्या काही किलोमीटरांत जाते. बगदाद ते रोम हे अंतर तो स्वतःहून कापत नाही, मग अटलांटिकची गोष्ट दूरच.

१०/
या कोड्याचे उत्तर कबुतरांच्या शर्यतीत दडले आहे. बेल्जियम, नेदरलँड्स, ब्रिटन या देशांत हा कष्टकऱ्यांचा लाडका खेळ होता. त्याची रीत अशी : शर्यतीच्या आधी शेकडो ढाबळींतली कबुतरे एकत्र आणायची, टोपल्यांत भरायची, लॉरीने किंवा रेल्वेने शेकडो किलोमीटर दूर न्यायची आणि तेथून सोडायची. सुटलेले कबूतर आपापल्या ढाबळीकडे परतते. जाताना ते वाहनाने जाते आणि येताना पंखांनी. टोपलीतल्या त्या एक-दोन रात्रींत मात्र ते अनोळखी पक्ष्यांच्या सहवासात, सामाईक पाण्यावर आणि सामाईक विष्ठेत काढते.

११/
आता या रचनेकडे विषाणूच्या दृष्टीने पाहा. लागण झालेले पण अद्याप लक्षणे न दिसणारे एक कबूतर टोपलीत शिरते. दोन दिवसांनी त्याच टोपलीतले पक्षी दहा गावांतल्या दहा ढाबळींत उतरतात. पुढच्या आठवड्यात त्या ढाबळींतून नव्या टोपल्या भरल्या जातात. याला प्रदर्शने, लिलाव आणि देशोदेशींचा पैदाशीच्या पक्ष्यांचा व्यापार यांची जोड द्या. रोगप्रसारासाठी याहून कार्यक्षम यंत्रणा मुद्दाम ठरवूनही उभारणे कठीण. ढाबळीभोवती दाणे टिपायला येणारे मोकाट पारवे हा या साखळीचा पुढचा दुवा, आणि बंदरातील गोदाम हा त्याच्याही पुढचा.

१२/
पण लिव्हरपूलच्या प्रकरणात हे सिद्ध कसे झाले? कोंबड्यांना झालेला रोग न्यूकॅसलच होता, पण त्या रोगाचे विषाणू जगात अनेक. जुन्या चाचण्यांना ते सारे एकसारखे भासत. कबुतरांचा विषाणू आणि कोंबड्यांचा विषाणू एकाच वंशाचा आहे, हे सांगायला अधिक बारीक नजर हवी होती. ती नजर केंब्रिजमधील एका शोधाने दिली. १९७५ मध्ये केलर आणि मिलस्टाइन यांनी 'मोनोक्लोनल प्रतिपिंडे' तयार करण्याची रीत शोधली. असे प्रतिपिंड विषाणूच्या पृष्ठभागावरील एकच ठरावीक खूण ओळखते, दुसरी कोणतीही नाही.

१३/
डॉयल ज्या वेब्रिजच्या प्रयोगशाळेत काम करीत, तेथेच डेनिस अलेक्झांडर आणि त्यांचे सहकारी अशा प्रतिपिंडांचा संच घेऊन बसले. एकेका विषाणूपुढे एकेक प्रतिपिंड ठेवायचे आणि जुळते की नाही, याची नोंद करायची. एका विषाणूसाठी होकार-नकारांची जी माळ तयार होते, ती त्याची ओळखखूण. कबुतरांतील विषाणूंची खूण इतर सर्व ज्ञात न्यूकॅसल विषाणूंहून वेगळी निघाली. निरनिराळ्या देशांतील कबुतरांत मात्र ती सारखीच होती. या गटाला इंग्रजी 'पिजन'च्या आद्याक्षरावरून 'पी' गट म्हटले गेले. १९८४ मधील कोंबड्यांतही हीच खूण मिळाली.

१४/
येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. प्रतिपिंडांनी एवढेच सांगितले, की कोंबड्यांतला विषाणू कबुतरांच्या गटातला आहे. तो लिव्हरपूलच्या गोदामातून आला, हे प्रयोगशाळेला कळणे शक्यच नव्हते. ते सांगितले खाद्याच्या प्रवासाच्या मागाने : कोणत्या ठिकाणी कोणते खाद्य आले, कोठून आले. एक साक्ष वंशाची, दुसरी वाटेची. दोन्ही जुळल्या तेव्हाच निष्कर्ष उभा राहिला. पुढच्या सर्व जनुकीय संशोधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा या एकाच प्रकरणात सामावल्या आहेत.

१५/
याच पद्धतीने इराकचे कोडेही उलगडले. १९७८ मध्ये इराकमधील कबुतरांतून वेगळा केलेला एक विषाणू जपून ठेवलेला होता. त्याची ओळखखूण तपासली गेली आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कलेटा, अलेक्झांडर व रसेल यांनी दाखवले, की युरोपभर पसरलेल्या विषाणूचे ते सर्वांत आधीचे हाती आलेले रूप होते. नमुना साथीच्या आरंभीचा, त्याचे वाचन सात वर्षांनंतरचे. तो कोणी फेकून दिला असता, तर हर्पिसवरचा आरोप कदाचित आणखी काही वर्षे तसाच राहिला असता.

१६/
पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष जनुके वाचणे. हा विषाणू आरएनएच्या एकाच धाग्यावर आपली सारी माहिती वाहतो. कबुतरांतील विषाणूत हा धागा सुमारे १५,२०० अक्षरांचा असतो आणि त्यात सहा जनुके असतात. लिपी चार अक्षरांची. विषाणू आपली नक्कल करतो तेव्हा मधूनच एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक दुरुस्त करणारी यंत्रणा त्याच्यापाशी नसते. चुकीमुळे विषाणू निकामी झाला नाही, तर ती पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते.

१७/
हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हे वर्णन परिचयाचे वाटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरातील पोथ्या जमवल्या, त्यांतले पाठभेद ताडून पाहिले आणि कोणती पोथी कोणत्या शाखेतली, हे ठरवले. विषाणूंचा वंशवृक्ष मांडणारे शास्त्रज्ञ नेमके हेच करतात. फरक इतकाच, की येथे लेखनिक हा विषाणू स्वतःच असतो आणि पोथी असते प्रयोगशाळेच्या शीतपेटीतली एक कुपी.

१८/
दोन्हीकडे एकच नियम महत्त्वाचा. दोन पोथ्यांत एखादा श्लोक शुद्ध असेल, तर त्यावरून त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही, कारण शुद्ध पाठ सर्वांनाच मूळ पोथीतून मिळालेला असतो. पण दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल, तर ती चूक करणारा पूर्वज दोघींचा सामाईक असावा. विषाणूंचेही तसेच. सामाईक बदल नाते सांगतात. एकच चूक दोन लेखनिकांनी स्वतंत्रपणे केल्याचीही उदाहरणे असतात, म्हणून एका अक्षरावर विसंबून चालत नाही. शेकडो जागा एकत्र पाहाव्या लागतात.

१९/
या वाचनातून काय निघाले? पहिली गोष्ट, कबुतरांतील बहुतेक विषाणू न्यूकॅसल विषाणूंच्या वंशवृक्षावर सहाव्या जनुकीय गटात एकत्र आले. प्रतिपिंडांनी दिलेला निर्णय जनुकांनी उचलून धरला. दुसरी गोष्ट अधिक रोचक. २००३ मध्ये उजवारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ पासूनचे अनेक देशांतील नमुने ताडून पाहिले, तेव्हा या गटातही एकमेकींपासून बऱ्याच दूर गेलेल्या शाखा दिसल्या. कोंबड्यांतून कबुतरांत ही उडी एकदाच नव्हे, तर एकाहून अधिक वेळा पडली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

२०/
शाखा वाढत गेल्या, तशी जुनी नावे अपुरी पडू लागली. वेगवेगळ्या देशांतील संशोधक एकाच शाखेला वेगवेगळी नावे देत. अखेर २०१९ मध्ये दिमित्रोव यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या गटाने सामाईक नियम ठरवले. जुन्या सहाव्या गटाचे विभाजन होऊन विसावा आणि एकविसावा असे नवे गट निघाले. कबुतरांतील अनेक समकालीन विषाणू आता एकविसाव्या गटात मोडतात. म्हणून जुन्या निबंधातला 'सहावा' आणि नव्यातला 'एकविसावा' हे पुष्कळदा एकाच वंशाविषयी बोलत असतात. शक आणि इसवी सन यांचा मेळ घालावा, तसेच हे.

२१/
आता प्रश्न येतो घातकतेचा. विषाणूच्या पृष्ठभागावर 'एफ' नावाचे प्रथिन असते. ते अखंड स्वरूपात तयार होते आणि दोन तुकडे झाल्याशिवाय कामास येत नाही. कापण्याची जागा ११२ ते ११७ या क्रमांकांच्या अमिनो आम्लांपाशी. सौम्य विषाणूंत ही जागा फक्त श्वसनमार्गातील व आतड्यांतील विकरेच कापू शकतात, त्यामुळे लागण तेथेच मर्यादित राहते. घातक विषाणूंत तेथे आर्जिनिन व लायसिन यांची गर्दी असते. तशी जागा शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत असलेले विकर कापते आणि विषाणूला मेंदूपर्यंत वाट मिळते. सहा जागा वाचल्या, की घातकता कळते, असा समज त्यामुळे दृढ झाला.

२२/
कबुतरांच्या विषाणूने हा समज हलवला. त्याची कापण्याची जागा घातक विषाणूंसारखी होती. पण एक दिवसाच्या पिलांवर घातकता मोजण्याची जी प्रमाण चाचणी आहे (मोजपट्टी ० ते २, आणि ०.७ वा अधिक आले तर विषाणू घातक), तीत त्यातले काही नमुने अनपेक्षितपणे सौम्य ठरत. नेदरलँड्समध्ये डॉर्टमन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ नंतरच्या प्रयोगांत असा सौम्य विषाणू कोंबडीतून कोंबडीत पुन्हा पुन्हा नेला. तो अधिक घातक झाला. पण बदल एफ प्रथिनात नव्हते. ते विषाणूच्या नक्कल करणाऱ्या यंत्रणेतल्या प्रथिनांत होते.

२३/
याचा अर्थ गंभीर आहे. कबुतरांत रुळलेला विषाणू कोंबडीत प्रथम अवघडलेला असतो. तेथे त्याला पुरेशा फेऱ्या मिळाल्या, तर तो नव्या घरात रुळतो. म्हणून गोदामातील पारव्यांची विष्ठा खाद्यात पडणे ही केवळ अस्वच्छतेची बाब राहत नाही. अनेक युरोपीय देशांनी शर्यतीच्या कबुतरांना लस टोचणे बंधनकारक केले, त्यामागे हेच भय होते. माणसाला या विषाणूपासून सहसा डोळे येण्यापलीकडे त्रास होत नाही. रोगप्रतिकारशक्ती अतिशय खालावलेल्या रुग्णांत मात्र मृत्यूची विरळ उदाहरणे नोंदली गेली आहेत.

२४/
जनुकीय वंशवृक्ष किती विश्वसनीय? पेशवे दप्तर शाबूत राहिले, म्हणून अठराव्या शतकाचा पुष्कळसा इतिहास आपण पुण्याच्या खिडकीतून पाहतो. ज्यांची दप्तरे जळाली, त्यांचा आवाज क्षीण होतो. विषाणूंच्या बाबतीतही असेच घडते. ज्या देशात प्रयोगशाळा, शीतपेट्या आणि निधी आहे, तेथले नमुने वृक्षावर दाटीने दिसतात. सर्वांत जुना नमुना जेथला, तेथेच रोग जन्मला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सर्वांत जुना उपलब्ध कागद आणि घटनेचा आरंभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इराकचा १९७८ चा नमुना उगमाजवळचा आहे. तो उगमच आहे, असे कोणीही शपथेवर सांगू नये.

२५/
दुसरी मर्यादा वाटेची. ऑस्ट्रेलिया हा देश जिवंत पक्ष्यांच्या आयातीबाबत अतिशय कडक. तरीही ऑगस्ट २०११ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील कबुतरांत हा विषाणू प्रथमच आढळला. जनुके वाचून त्याचे परदेशातील नातलग शोधता येतात. तो कोणत्या दाराने आत आला, हे मात्र जनुकांत लिहिलेले नसते. लिव्हरपूलमध्ये खाद्याच्या मागाने जे काम केले, ते करायला येथे तसा धागा हाती नव्हता. चोरून आणलेल्या पक्ष्यांची पावती कोणी फाडत नाही.

२६/
याच देशाने पुढे आणखी एक धडा दिला. २०१६ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील ढाबळींत कबुतरे अचानक मरू लागली. मानमोडीची लक्षणे नव्हती. यकृत मात्र उद्ध्वस्त झालेले होते. तपासात निघाला रोटाव्हायरस, म्हणजे माणसाच्या लहान मुलांत अतिसार घडवणाऱ्या विषाणूंच्या कुळातला एक, पण कबुतरांतला. मॅकोवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रोग त्याच वर्षी इतर राज्यांतही पसरला होता. साहजिकच सर्वांना वाटले, की नवा रोग ऑस्ट्रेलियात जन्मला.

२७/
पण युरोपातील संशोधकांनी आपल्या शीतपेट्या उघडल्या. मेलेल्या कबुतरांच्या यकृताचे जुने, जपलेले नमुने नव्या चाचणीने तपासले, तेव्हा त्याच वंशाचे रोटाव्हायरस ऑस्ट्रेलियातील साथीच्या कितीतरी आधीपासून जर्मनीत वावरत असल्याचे दिसले. तेथे दरवर्षी कोवळ्या कबुतरांत येणाऱ्या एका आजाराला 'तरुण कबुतरांचा आजार' असे मोघम नाव होते आणि दोष दुसऱ्याच विषाणूकडे दिला जात होता. ऑस्ट्रेलियातील उद्रेक हा रोगाचा जन्म नव्हता. ज्या पक्ष्यांना त्याची आधी ओळखच नव्हती, त्यांच्यात तो शिरला, म्हणून तो ठळक दिसला. इराकच्या कुपीने १९८५ मध्ये जे केले, तेच येथे पुन्हा घडले.

२८/
साथ आली, की दोषी शोधण्याची घाई होते आणि बहुधा पक्षी दोषी ठरतो. पारव्यांना मारा, म्हणजे रोग जाईल, ही मागणी नवी नाही. या इतिहासात मात्र विषाणू दूर गेला तो जहाजाच्या मुदपाकखान्यातून, पोपटांच्या विमानातून, शर्यतीच्या टोपलीतून आणि उघड्या गोदामातून. यातली एकही वाट पक्ष्याने बांधलेली नाही. म्हणूनच उपायही त्या वाटांवरच सापडले : लस टोचणे, लागण झालेली ढाबळ शर्यतीपासून दूर ठेवणे, गोदामाला जाळी बसवणे आणि पक्ष्यांच्या व्यापाराची नोंद ठेवणे.

२९/
विषाणू आपला वंश स्वतःच लिहून ठेवतो, चुकांच्या लिपीत. आपला प्रवास मात्र तो लिहीत नाही. तो लिहिण्याचे काम खाद्याच्या पावत्या ठेवणाऱ्या कारकुनाचे, टोपलीतल्या कबुतरांची यादी करणाऱ्या मंडळाचे आणि मेलेल्या पक्ष्याचे यकृत कुपीत घालून त्यावर तारीख व ठिकाण लिहिणाऱ्या पशुवैद्याचे आहे. वरच्या प्रत्येक वळणावर निर्णय बदलला, तो अशाच कोणीतरी कंटाळा न करता केलेल्या नोंदीमुळे. पुढच्या साथीचा इतिहास आज कोणती नोंद होते, यावर ठरेल.

धागा समाप्त. कबुतरे, ढाबळी किंवा कुक्कुटपालनाशी आपला संबंध असेल, तर आपल्या भागात या रोगाला काय म्हणतात, हे खाली अवश्य लिहा. लोकांनी ठेवलेली नावेही इतिहासाची साधनेच असतात.